कन्व्हेयरच्या ड्रमचा शाफ्ट तुटतोय, ईएन२४ स्टील घालूनही. शिवाय मेंटेनन्समधून डिझाइनला जायचंय

रिटर्नसँड

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमा मेकॅनिकल, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्स पाहतो. दोन प्रश्न आहेत, दोन्ही एकाच धाग्यात विचारतो.

पहिला प्रश्न. रिटर्न सँडच्या (साच्यांतून परत येणाऱ्या वाळूच्या) बेल्ट कन्व्हेयरच्या हेड ड्रमचा (बेल्ट ओढणाऱ्या टोकाच्या ड्रमचा) शाफ्ट दर अडीच-तीन महिन्यांनी तुटतो. माहिती अशी:

मोटर ७.५ किलोवॅट, डायरेक्ट ऑन लाइन स्टार्टर (मोटरला एकदम पूर्ण व्होल्टेज). गिअरबॉक्सचं आउटपुट ६० आरपीएम. तिथून ड्रमवर चेन ड्राइव्ह, दोन्हीकडे सारखी स्प्रॉकेट, पिच व्यास साधारण ३०० मिमी, चेन २०बी सिंगल. ड्रम लॅगिंगसकट (वरच्या रबराच्या थरासकट) ४०० मिमी. दोन बेअरिंगांच्या मध्यांत ९५० मिमी, बेअरिंगपासून ड्रमचा हब १५० मिमी आत. स्प्रॉकेटचा मध्य बेअरिंगच्या मध्यापासून १८० मिमी बाहेर. शाफ्ट हबखाली ७५, बेअरिंगला ६० (२२२१२, सरळ बोअर), स्प्रॉकेटला ५५. की-वे (चावी बसायची खाच) १६ मिमीचा.

आधी ईएन८ (साधं कार्बन स्टील) होता. तो तुटल्यावर मालकांनी ईएन२४ (जास्त ताकदीचं मिश्र स्टील) आणून दिला, तोही तुटला. दर वेळी एकाच जागी: ६० चा ५५ होतो त्या स्टेपवर, बेअरिंगच्या बाहेरच्या अंगाला. मित्राकडून सॉफ्टवेअरमध्ये अॅनालिसिस करून घेतलं. जास्तीत जास्त स्ट्रेस १५० मेगापास्कल आला, म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी चारच्या वर. मग तुटतो कसा? आता टर्नर म्हणतोय ईएन१९ ट्राय करा.

दुसरा प्रश्न. मेंटेनन्समधून डिझाइनला जायचं आहे. कोणतं सॉफ्टवेअर शिकू? पुण्याला जावं का?

टॉर्कपाना

मटेरियल बदलायच्या आधी तुटलेला तुकडा नीट बघा. तो अजून भंगारात गेला नसेल तर डिझेलने पुसा (वायर ब्रश अजिबात लावू नका, खुणा जातात) आणि तिरक्या उजेडात फोटो काढा.

तीन गोष्टी सांगा. १) तुटलेला पृष्ठभाग शाफ्टला काटकोनात सपाट आहे, की ४५ अंशांत पिळल्यासारखा? २) कडेला बारीक पायऱ्यांसारख्या रेघा आहेत का, आणि त्या एका बाजूलाच आहेत की परिघभर? ३) खडबडीत, दाणेदार भाग केवढा आहे आणि कुठे आहे, मध्यात की एका कडेला?

रिटर्नसँड

तुकडा आहे. काटकोनात सपाट. पायऱ्या परिघभर, पण की-वेच्या टोकापाशी जास्त. बाकी भाग गुळगुळीत, थोडा तपकिरी. दाणेदार भाग मध्याच्या जवळ, एका बाजूला सरकलेला, जुन्या पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा.

टॉर्कपाना

मग संशयाला जागा नाही, हा फटीग आहे (वारंवारच्या लोडने भेग वाढत जाऊन तुटणं), रोटेटिंग बेंडिंगचा, म्हणजे फिरता फिरता वाकण्याचा. पिळाच्या फटीगने तुटला असता तर सहसा ४५ अंशांचा पीळ दिसला असता. परिघभर पायऱ्या म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी भेगा सुरू झाल्या. कोपरा धारदार असला की असंच होतं. शेवटचा दाणेदार भाग ५५ च्या शाफ्टमध्ये एवढासाच, म्हणजे लोड मुळात फार नव्हता. शाफ्ट जवळपास पूर्ण चिरला तरी उरलेल्या नाण्याएवढ्या धातूवर फिरत होता. तपकिरी रंग फ्रेटिंगचा (पृष्ठभाग एकमेकांवर घासल्याचा) किंवा गंजाचा, म्हणजे भेग बरेच दिवस उघडी होती.

थोडक्यात, लोड बेताचा आणि कोपरा वाईट. ताकदवान मटेरियल घालून हा प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही. ईएन१९ चा विचार सोडा.

ढोबळहिशेब

टॉर्कपानांशी सहमत. आता आकडे मांडतो, कागदावर पडताळून बघा.

टॉर्क = ९५५० × ७.५ ÷ ६० = ११९४ न्यूटन-मीटर. चेनची ओढ = ११९४ ÷ ०.१५ = साधारण ७९६० न्यूटन, म्हणजे आठशे किलोच्या वर. ही ओढ बेअरिंगच्या बाहेर लोंबकळते आहे.

तुटतो ती स्टेप बेअरिंगच्या मध्यापासून २० मिमी बाहेर धरली तर तिथला मोमेंट (वाकवणारा जोर) = ७९६० × ०.१६ = १२७४ न्यूटन-मीटर. ५५ व्यासावर बेंडिंग स्ट्रेस (३२ गुणिले मोमेंट, भागिले पाय गुणिले व्यासाचा घन) = ७८ मेगापास्कल. पिळाचा स्ट्रेस ३६ च्या आसपास, पण तो बहुतांशी स्थिर. खरा शत्रू ७८ आहे, कारण चेनची ओढ एकाच दिशेला राहते आणि शाफ्ट फिरतो. म्हणजे पृष्ठभागावरचा प्रत्येक कण दर फेऱ्याला +७८ ते –७८ जातो. ६० आरपीएमला चोवीस तासांत ८६,४०० वेळा. दहा लाख फेरे बारा दिवसांत होतात.

आता कोपरा. ड्रॉइंगवर रेडियस दिला नसेल तर टर्नर इन्सर्टच्या टोकाचा जो असेल तो सोडतो, बहुधा ०.४ मिमी. ५५ च्या शाफ्टला ०.४ म्हणजे धारच. फटीगसाठी तिथला स्ट्रेस साधारण दुप्पट धरा: १५६.

समोर ईएन८ ची सहनशक्ती, म्हणजे फटीगने न तुटता पेलेल तो स्ट्रेस. नॉर्मलाइज्ड, टेन्साइल (ओढून तुटण्याची ताकद) ५६० मेगापास्कल धरली तर अर्धी २८०. मशीन केलेल्या पृष्ठभागाचा गुणक ०.८४, आकाराचा ०.८, ९९ टक्के भरवशाचा ०.८१. गुणाकार १५५ च्या आसपास येतो.

१५६ विरुद्ध १५५, आणि की-वेच्या टोकाचा परिणाम अजून धरलेलाच नाही. वाळूने भरलेला बेल्ट डायरेक्ट ऑन लाइन सुरू करताना टॉर्क दुपटीच्या वर जातो, तोही धरलेला नाही. शाफ्ट तुटणारच होता.

ईएन२४ ने का वाचवलं नाही? ९०० टेन्साइलला हाच हिशेब केला तर सहनशक्ती २२० पर्यंत जाते. पण कणखर स्टीलला धारदार कोपरा जास्त बोचतो आणि त्याच कोपऱ्यावर स्ट्रेस १७० पर्यंत धरावा लागतो. फॅक्टर कागदावर सव्वा. सैल चेनचे हिसके आणि की-वे मिळून तो संपवतात.

मायक्रॉन

शिवाय तो ईएन२४ हार्डन-टेम्पर केलेला होता का? बाजारातून बार आणून थेट लेथवर लावलेला असेल तर ९०० टेन्साइल विसरा. टी कंडिशनची (हार्डन-टेम्पर केलेल्या बारची) हार्डनेस २४८ ते ३०२ ब्रिनेल असायला हवी. तुटलेल्या तुकड्यावर तपासून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. टेस्ट सर्टिफिकेटवर फक्त केमिकल कंपोझिशन असेल तर त्यावरून ताकद कळत नाही.

जाळीवाला

अॅनालिसिसबद्दल. मित्राने चूक केली असं नाही, पण प्रश्न वेगळा विचारला गेला. स्टॅटिक अॅनालिसिस यील्डशी (धातू कायमचा वाकायला लागतो त्या स्ट्रेसशी) तुलना करतं. तुमचा शाफ्ट यील्डच्या जवळपासही गेलेला नाही, म्हणून फॅक्टर चार दिसला.

मॉडेलमध्ये स्टेपला रेडियस काढला होता का? बिनरेडियसच्या आतल्या कोपऱ्यावर येणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो. ५ मिमीची जाळी (मॉडेल ज्या एलिमेंटांत विभागतात ती) २ मिमी करा, आकडा वाढेल. १ मिमी करा, अजून वाढेल. तो कुठे थांबतच नाही. १५० हा तुमच्या जाळीचा आकडा आहे, शाफ्टचा नाही. खरा रेडियस काढून त्या वळणावर निदान पाच-सहा एलिमेंट बसवा, मग आकडा स्थिर होतो.

दुसरं, बेअरिंगची जागा 'फिक्स्ड' धरली असेल तर तेही चुकीचं. २२२१२ हे स्फेरिकल रोलर बेअरिंग आहे, थोडं कलतं, मोमेंट घेत नाही. सपोर्टला कलू द्या, नाहीतर शाफ्टचा वाक कमी दिसतो. हातचा हिशेब आधी, सॉफ्टवेअर नंतर. ढोबळहिशेब यांचा ७८ ज्या मॉडेलमध्ये स्टेपपासून थोडं दूर सापडत नाही ते मॉडेल बंद करा.

रिटर्नसँड

डोकं गरगरलं, पण कळलं. मग करायचं काय? ड्रम आणि फ्रेम बदलायला मालक तयार नाहीत. एका रविवारचं शटडाउन मिळेल.

एक शंका: ऑपरेटर टेकअपचे स्क्रू आवळून बेल्ट फार ताणतात. त्याने तुटत असेल का? आणि चेन बेल्टच्या ओढीच्या उलट दिशेला ओढेल अशी गिअरबॉक्सची जागा बदलली तर?

ढोबळहिशेब

आधी शंका. तुटतो ती जागा बेअरिंगच्या बाहेर आहे. तिथे फक्त चेनचा मोमेंट पोचतो. बेल्ट कितीही ताणला तरी त्या स्टेपवर काडीचा फरक पडत नाही. बेअरिंग आणि हबवर पडतो, म्हणून ताणू नये हे खरंच.

दिशा बदलल्यानेही ती स्टेप वाचत नाही, मोमेंट तेवढाच राहतो. उलट ड्रमच्या हबखाली परिस्थिती बिघडू शकते. बेल्टची एकूण ओढ १२ किलोन्यूटन धरून स्प्रॉकेट ११० मिमीवर आणल्यावरचे आकडे देतो. चेन बेल्टच्याच दिशेला ओढत असेल तर ड्राइव्हकडच्या बेअरिंगवर साधारण १५ किलोन्यूटन येतात, पण तिकडच्या हबखाली मोमेंट जेमतेम १६० न्यूटन-मीटर. उलट दिशेला ओढली तर बेअरिंगवर ३ किलोन्यूटनच, पण हबखाली १६४०. चेन तिरकी असेल तर दोन्हींच्या मधलं काहीतरी. सध्याची दिशा आहे तशी राहू द्या.

आता उपाय, स्वस्तापासून सुरू करतो.

स्प्रॉकेट आत घ्या. १८० मिमी कशासाठी ठेवलंय? बहुधा चेनगार्डसाठी किंवा गिअरबॉक्सचा पाया तिथे होता म्हणून. ११० वर आणलं तर बेअरिंगच्या मध्यावरचा मोमेंट १४३३ वरून ८७६ होतो. गिअरबॉक्सही तेवढाच, ७० मिमी, सरकवावा लागेल. बेसप्लेटला नवीन भोकं पाडा. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत हे सरळपट्टी लावून बघा.

मग स्टेपच काढून टाका. बेअरिंगपासून टोकापर्यंत शाफ्ट सरळ ६५ मिमी. ८७६ न्यूटन-मीटरला ६५ व्यासावर स्ट्रेस साडेबत्तीस. बेअरिंगच्या घट्ट बसण्यामुळे दुप्पट धरला तरी ६५, समोर ईएन८ चे १५०. फॅक्टर २.३. ईएन२४ ची गरजच नाही.

मायक्रॉन

ते ६५ सरळ कसं करायचं ते सांगतो. सरळ बोअरचं बेअरिंग बसवायचं तर आतून खांदा हवा, आणि २२२१२ च्या कोपऱ्याची त्रिज्या १.५ मिमी, म्हणजे शाफ्टचा रेडियस त्याहून लहान ठेवावा लागतो. ही कटकट टाळायला अडॅप्टर स्लीव्ह (टेपर बोअरच्या बेअरिंगखाली बसणारी निमुळती बाही) वापरा: बेअरिंग २२२१५ के, स्लीव्ह एच ३१५, प्लमर ब्लॉक (बेअरिंगचं घर) ५१५-६१२, शाफ्ट ६५. शाफ्टला एच९ टॉलरन्स (लहान अक्षर एच, शाफ्टचं) चालतो, पण गोलाई आणि सरळपणा आयटी५ (टॉलरन्सची बारीक श्रेणी) मध्ये हवा. म्हणजे व्यास थोडा कमी भरला तर चालेल, टेपर किंवा अंडाकृती नको.

सेंटर हाइट बघा. तुमच्या सध्याच्या ब्लॉकची ७० मिमी असेल, ५१५ ची ८० आहे. दोन्ही बाजूंचे ब्लॉक बदला म्हणजे ड्रम समांतर १० मिमी वर जाईल. बेल्ट स्क्रेपर आणि चेनची लांबी त्याप्रमाणे जुळवा. पायाची भोकं जुळत नाहीत, फ्रेमवर नवीन पाडावी लागतील. कॅटलॉगचं पान प्रिंट काढून शटडाउनच्या आधीच फ्रेमवर मापं टाकून ठेवा.

बसवताना: बेअरिंग नवीन असताना फीलर गेजने बाहेरची रिंग आणि लोड नसलेला रोलर यांच्यामधला क्लिअरन्स मोजा. नट आवळत जा आणि क्लिअरन्स साधारण ०.०४ मिमीने कमी झाला की थांबा. नेमका आकडा बेअरिंग कंपनीच्या तक्त्यातून घ्या. छन्नी-हातोड्याने 'घट्ट होईस्तोवर' नट ठोकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने क्लिअरन्स संपतो आणि बेअरिंग गरम होऊन जातं. शेवटी लॉक वॉशरचा दात वाकवा.

ड्राइव्हकडच्या ब्लॉकमध्ये दोन्ही लोकेटिंग रिंगा (बेअरिंगला बाजूला सरकू न देणाऱ्या) घाला, पलीकडच्यात एकही नको. दोन्हीकडे घातल्या की गरम वाळूने शाफ्ट वाढतो आणि बेअरिंगं एकमेकांना ढकलतात. फाउंड्रीच्या धुळीत साधं फेल्ट सील टिकत नाही. ट्रिपल लिप किंवा टॅकोनाइट प्रकारचं सील घ्या, ग्रीस दोन सीलच्या मधून बाहेर येईल असं.

टॉर्कपाना

ड्रॉइंगवर लिहायच्या गोष्टी, नाहीतर टर्नर पुन्हा मनाने करेल:

७५ वरून ६५ होतं तिथे रेडियस ५ मिमी, 'टूल मार्क नको, पॉलिश' असं स्पष्ट. पृष्ठभागाचा खडबडीतपणा आरए ०.८ मायक्रॉन. बेअरिंग आणि स्प्रॉकेटच्या जागा दोन सेंटरांवर धरून रनआउट (फिरतानाची डगमग) ०.०३ मिमीच्या आत. की-वे १८ × ११ चावीसाठी, शाफ्टमध्ये खोली ७ मिमी, तळाच्या कोपऱ्यांना ०.२५ ते ०.४ रेडियस. की-वेचं आतलं टोक प्लमर ब्लॉकच्या सीलपासून निदान १५ मिमी लांब थांबवा. तुमच्या जुन्या शाफ्टवर की-वेचं टोक आणि स्टेप एकाच जागी आलेली दिसतात, दोन शत्रू एकत्र. शक्य असेल तर टोक एंडमिलने उभं न कापता साइड कटरने निमुळतं काढा.

स्प्रॉकेट टेपर लॉक बुशवर (स्क्रूने आवळायच्या निमुळत्या बुशवर) घेतलं तर उत्तम. ३०२० बुश ६५ बोअरला मिळतं. काढणं-घालणं सोपं आणि शाफ्टवर हातोडा मारावा लागत नाही.

आणि एक विनंती: तुटलेला शाफ्ट वेल्डिंगने जोडून 'तात्पुरता' चालवू नका. ईएन८ मध्ये कार्बन ०.४ टक्के आहे. प्रीहीट न करता वेल्ड केलं की वेल्डच्या शेजारचा पट्टा ठिसूळ होतो, आणि तो आता चार दिवसांत तुटेल.

कन्व्हेयरवाला

सगळं बरोबर, पण पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये चेन काढूनच टाका. पोकळ शाफ्टचा गिअरबॉक्स थेट ड्रमच्या शाफ्टवर आणि खाली टॉर्क आर्म (गिअरबॉक्सला फिरू न देणारा दांडा). ६०० मिमीचा आर्म असेल तर त्यावर सुमारे २ किलोन्यूटन येतात. चेनचे ८ किलोन्यूटन, तेल, गार्ड, ताण धरणं, सगळं जातं. फक्त आर्मच्या टोकाला रबर बुश ठेवा. आर्म फ्रेमला वेल्ड करणारे महाभाग आहेत. मग शाफ्टची थोडीशी डगमग गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जाते आणि शाफ्ट पुन्हा वाकवण्यात येतो. गिअरबॉक्सचं वजन लोंबतं हे हिशेबात धरा.

ड्रॉइंगबोर्ड

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण तो मागेच राहिला.

सॉफ्टवेअर एकच शिका, पण असेंब्ली आणि ड्रॉइंगपर्यंत शिका. वाहन क्षेत्रात जायचं तर कॅटिया किंवा एनएक्स. मशीन बनवणाऱ्या, एसपीएम (एका खास कामाची मशीन) आणि मटेरियल हँडलिंगवाल्या कंपन्यांत सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर आणि अजूनही ऑटोकॅड. चार सॉफ्टवेअरांची सर्टिफिकेटं लावलेला बायोडेटा मुलाखत घेणाऱ्याला काही सांगत नाही.

मुलाखतीत विचारतात ते असं: ४० मिमीच्या एच७/के६ फिटचे (भोक आणि शाफ्टच्या टॉलरन्सच्या जोडीचे) आकडे सांगा (भोक शून्य ते +२५ मायक्रॉन, शाफ्ट +२ ते +१८). मग पुढचा प्रश्न: या जोडीत नेहमी घट्ट बसेल का? (नाही. भोक मोठ्या टोकाला आणि शाफ्ट लहान टोकाला असेल तर २३ मायक्रॉन सैल.) एम१६ चा ८.८ बोल्ट किती टॉर्कला आवळाल? (कोरडा असेल तर साधारण २०० ते २२५ न्यूटन-मीटर.) पोझिशन टॉलरन्स आणि साधं प्लस-मायनस यात फरक काय? एखाद्या ब्रॅकेटचा फ्री बॉडी डायग्राम काढा. यांतलं काहीही सॉफ्टवेअर शिकवत नाही.

तुमच्याकडे बाकीच्यांकडे नसलेली एक गोष्ट आहे: हा शाफ्ट. याची चार-पाच पानांची फाइल करा. जुनं स्केच, तुटलेल्या पृष्ठभागाचा फोटो, हिशेब, नवीन ड्रॉइंग टॉलरन्ससकट, पार्ट लिस्ट, आणि बदल का केले ते एका ओळीत. कंपनीच्या नावाचं किंवा टायटल ब्लॉकचं मूळ ड्रॉइंग दाखवू नका, स्वतः नव्याने काढा. फोटो वापरायचा तर साहेबांना विचारून.

जाळीवाला

पुण्याला जाण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं. हिंजवडीतल्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस कंपन्यांत पगार बरा असतो आणि पद्धतशीर काम कळतं, पण पहिली काही वर्षं एकाच प्रकारच्या पार्टचं मॉडेलिंग आणि ड्रॉइंग बदलण्यात जाऊ शकतात. पार्ट हातात येत नाही. ज्याला शॉपफ्लोअर आधीच माहीत आहे त्याने भोसरी-चाकणच्या किंवा कोल्हापुरातल्याच एखाद्या मशीन बिल्डरकडे सुरुवात करावी. तिथे तुम्ही काढलेली रेघ पंधरा दिवसांत लेथवर जाते.

ड्रॉइंगबोर्ड

मान्य, पण अर्धंच. छोट्या मशीन बिल्डरकडे चेकिंग नसतं. चूक दाखवणारा वरिष्ठ नसेल तर माणूस त्याच त्याच सवयी पक्क्या करत बसतो. मुलाखतीत तुम्हीच विचारा: ड्रॉइंग रिलीज करण्यापूर्वी कोण तपासतं? कॅल्क्युलेशन शीट ठेवता का? उत्तर 'आमचे साहेब नजर टाकतात' असं आलं तर ओळखा. जागा कोल्हापूर की पुणे यापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं.

आणि डिग्रीचं: मोठ्या कंपन्यांच्या डिझाइन विभागात डिप्लोमावाल्याला ड्राफ्ट्समनच्या पुढे जाताना अडतं, हे खोटं नाही. डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण बहुतेक ठिकाणी नोकरी सोडावी लागते. घरचं गणित जमत असेल तरच. मशीन बिल्डरकडे ही अडचण बरीच कमी.

रिटर्नसँड

सगळ्यांचे आभार. आज तुकड्याची हार्डनेस काढली: १९७ ब्रिनेल. मायक्रॉन यांचा संशय खरा निघाला. सीलपासून की-वे १५ मिमी लांब ठेवून आणि ३०२० बुश धरून स्प्रॉकेट ११० वर बसतं, कागदावर मापं टाकून बघितलं. साहेबांनी नवीन ड्रॉइंग मान्य केलंय.

एक शेवटचं. याच ड्रॉइंगचे अजून दोन कन्व्हेयर चालू आहेत. ते तुटायची वाट बघू का?

टॉर्कपाना

नाही. डाय पेनिट्रंटचा (भेग रंगाने दाखवणाऱ्या टेस्टचा) तीन डब्यांचा सेट आणा: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. शिफ्ट बंद असताना स्प्रॉकेट ओढून काढा. स्टेप आणि की-वेचं टोक क्लीनरने स्वच्छ करा, ग्रीसचा अंशही राहता कामा नये. एमरी पेपर घासू नका, भेगेचं तोंड मिटतं. लाल डाय मारून १० ते १५ मिनिटं ठेवा. क्लीनर कपड्यावर घेऊन पुसा, थेट फवारू नका, भेगेतला डायही धुतला जातो. मग डेव्हलपरचा पातळ थर देऊन दहा मिनिटं थांबा.

कोपऱ्यात परिघावर लाल रेघ उमटली तर तो कन्व्हेयर नवीन शाफ्ट येईपर्यंत सुरू करू नका. हेड ड्रम उंचावर असतो, शाफ्ट तुटला की स्प्रॉकेट चेनसकट खाली येतं. रेघ नसेल तर चालवा, दर पंधरवड्याला हीच टेस्ट करा आणि तोवर स्प्रॉकेट आत सरकवून घ्या. ते काम नवीन शाफ्टसाठी थांबत नाही. सध्याच्या की-वेच्या लांबीत जेवढं आत येईल तेवढं.